कलादालनात शाळेची मुलं येणार आहेत : दीड तासात काय दाखवावं?

समुद्रफूल

नमस्कार मंडळी. तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर छोटं कलादालन आहे. एक मोठी खोली, एक लहान. भिंतींवर ४५ चित्रं : बरीचशी जलरंगातली निसर्गचित्रं, काही व्यक्तिचित्रं, शिवाय काचेत बसवलेली चित्रकथीची, म्हणजे गाऊन कथा सांगताना दाखवायच्या चित्रांची, सहा पानं. दोन कपाटांत सावंतवाडीच्या गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि लाखकामाच्या वस्तू. डिसेंबरपासून आसपासच्या शाळांना बोलवायचं ठरतंय. पाचवी ते आठवी, एका वेळी ४० मुलं, वेळ दीड तास.

आत्ताचा आराखडा असा : स्वागत आणि संस्थेची माहिती १० मिनिटं, दालन फिरून प्रत्येक चित्राची माहिती ४५ मिनिटं, प्रश्नमंजूषा २० मिनिटं, शेवटी चित्र काढणे आणि खाऊ १५ मिनिटं. यात काय बदलावं? शाळांचे कार्यक्रम केलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

फळा_खडू

४५ मिनिटांत ४५ चित्रं म्हणजे एका चित्राला एक मिनिट, आणि चालणंही त्यातच. दहाव्या चित्रानंतर मुलांची नजर पंख्याकडे आणि खिडकीबाहेर जाते. ही मुलांची चूक नाही, मोठ्यांचंही तेच होतं.

चित्रं तीनच घ्या, मुलांचे गटही तीन. एकेका गटाने खरं तर एकाच चित्रासमोर पंधरा-वीस मिनिटं बसावं. आधी एक मिनिट पूर्ण शांतता, फक्त बघणं. घड्याळ लावून एक मिनिट, कारण अंदाजाने थांबलं की माणूस वीस सेकंदांत बोलायला लागतो. मग तीनच प्रश्न. "या चित्रात काय चाललंय?" मूल काही म्हणालं की, "हे तुला चित्रात कुठे दिसलं?" आणि मग सगळ्यांना, "आणखी काय दिसतंय?" ही पद्धत अमेरिकेत फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउझन यांनी बसवली आणि जगभरच्या संग्रहालयांत ती चालते. मराठीत अगदी सहज बसते.

बोलणाऱ्याने करायची कामं दोनच. मूल ज्या जागेबद्दल बोलतंय तिथे बोट दाखवायचं (काचेपासून वीतभर लांबून), आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचं. "बरोबर", "शाब्बास", "चूक" यातलं काही म्हणायचं नाही. एकाला शाब्बास म्हटलं की बाकीचे बारा जण त्याच्यासारखं उत्तर शोधायला लागतात.

कोकमसार

तीन चित्रं पटत नाहीत. वाडीवस्तीवरच्या शाळेतली मुलं एसटीने तासभर प्रवास करून येणार, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही. त्यांच्यापासून ४२ चित्रं लपवायची?

फळा_खडू

लपवायची नाहीत. शेवटची आठ-दहा मिनिटं मोकळी ठेवा आणि एकच काम द्या : "घरी न्यायला मिळालं तर कोणतं चित्र न्याल ते ठरवा आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहा." आधी एका चित्रासमोर नीट बसलेलं मूल मग बाकीच्या चित्रांतही शोधायला लागतं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी सगळं फिरवलं, की शेवटी बसायला उत्साहच उरत नाही.

पांगारा

चित्रकथीच्या बाबतीत एक धोका. "ओळखा पाहू हा कोण?" असं कुणी विचारलं की चाळीस जण एका सुरात "राम" ओरडतात, आणि तिथे बघणं संपतं. नाव विचारूच नका. बहुतेक माणसं बाजूने दिसतात पण डोळे मोठाले आणि पूर्ण, मागे डोंगर-झाडं जवळजवळ नाहीत, हाताची बोटं काहीतरी सांगतायत : हे मुलांनाच सापडू द्या.

आणि ही पानं भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच, हे त्यांना कळायला हवं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले कलावंत पोथीतली पानं एकेक करून समोर धरत, गात गात कथा सांगायचे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की कथा पुढे जाते. काचेतल्या पानाची मागची बाजू कुणालाच दिसत नाही. त्यासाठी दोन रंगीत प्रती पाठीला पाठ चिकटवून एक पान तयार करा आणि मुलांच्या हातात द्या. उलटण्याची ती एक क्रिया दहा वाक्यांचं काम करते.

कसरबंदी

समुद्रफूल, दोन गोष्टी लगेच तपासा.

पहिली : चित्रांसमोर जमिनीवर मांडी घालून बसा आणि वर बघा. मोठ्यांच्या हिशेबाने टांगलेल्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर असतो. खाली बसलेल्या पाचवीच्या मुलाला तिथे बहुतेक वेळा चित्र दिसत नाही, काचेत ट्यूबलाइट दिसते. चित्रं खाली घ्यायची गरज नाही. चटई भिंतीपासून पाऊण मीटरवर असेल तर ती दोन मीटरवर न्या, समोरची ट्यूब बंद करून बाजूची लावा, पुन्हा बसून बघा. प्रत्येक निवडलेल्या चित्रासाठी हे वेगळं करावं लागतं. चटईची जागा ठरली की जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे दर वेळी शोधायला नको.

दुसरी : दमट हवा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसात ती कित्येक दिवस ८५-९० च्या खाली येत नाही. चाळीस ओले गणवेश आणि छत्र्या बंद खोलीत आणणं म्हणजे त्यात भरच. डिसेंबर ठरवलात ते उत्तम. जून ते सप्टेंबर प्रती घेऊन तुम्हीच शाळेत जा.

समुद्रफूल

खाली बसून पाहिलं. चित्रकथीच्या सहापैकी चार पानांत नुसती खिडकीच दिसते! पडदे लावायला सांगितलेत. एसी बसवण्याचाही विचार चालू आहे, तो कितपत योग्य?

कसरबंदी

दिवसरात्र चालणार असेल तरच. कार्यक्रमापुरता दोन तास लावून बंद केला तर खोली गार होते, मग बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार काचेवर, फ्रेमच्या मागे पाणी धरतं. रोजची ही चढउतार कायमच्या दमटपणाहून वाईट. त्यापेक्षा पंखे चालू ठेवा आणि प्रत्येक फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांत वारा खेळला की निम्मं काम होतं. जांभ्याच्या भिंती पावसात ओल धरतात, त्याला टेकलेली फ्रेम आधी मागून जाते.

उजेडाचंही बघा. जलरंग आणि चित्रकथी, म्हणजे कागदावरचं सगळं, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास. तैलरंगाला २०० पर्यंत चालतं. पडदे फक्त कार्यक्रमाच्या वेळी उघडा, तेही ऊन थेट येत नसेल आणि खिडकी चित्राच्या काचेत दिसत नसेल त्या बाजूचे.

खाऊ दालनात नको, व्हरांड्यात. लाडवाचा चुरा पडला की मुंग्या, झुरळं आणि मग कसर. कसरीला कागद आणि चिकटवायची खळ दोन्ही आवडतात.

चितारआळी

गंजिफांबद्दल कुणीच बोललं नाही. तुमच्या कपाटात जे आहे त्यावर अख्खा कार्यक्रम उभा राहील.

दशावतारी गंजिफेत १० रंग आणि प्रत्येक रंगात १२ पानं, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. पानं गोल. खेळताना पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, हे सांगितलं की मुलं एकदम सावरून बसतात.

आता खरी गंमत. मुलांना आठ सेंटिमीटरचा गोल द्या (वाटी ठेवून आखलेला) आणि सांगा, यात सात मासे बसवा, असे की हातभर लांबून न मोजता सात आहेत हे कळावं. थेट काढायला बसवू नका. आधी रंगीत कागदाचे सात छोटे मासे कापून गोलात सरकवायला द्या. बहुतेक मुलं आधी एका ओळीत लावतात, सातवा बाहेर जातो. मग चार वर-तीन खाली, मग तीन-एक-तीन, मग कुणीतरी सहा कडेने आणि एक मध्ये ठेवतं. माशांची तोंडं आत की बाहेर, यावरून पानाचं रूपच बदलतं. आता त्यांना कपाटापाशी नेऊन मत्स्याची सत्ती दाखवा. त्या क्षणी ती कारागिराने काय सोडवलंय ते ओळखतात, कारण तेच कोडं पाच मिनिटांपूर्वी त्यांच्या हातात होतं. अस्सल पान आधी दाखवलं तर सगळे त्याचीच नक्कल करतात, म्हणून क्रम सांभाळा.

समुद्रफूल

हे फार आवडलं. पानं आपणच बनवून ठेवता येतील का? पुठ्ठ्यापेक्षा खऱ्या पद्धतीची हवीत.

चितारआळी

येतील, पण मुलांकडून त्या दीड तासात नाही, वाळायला दोन दिवस लागतात. आधी करून ठेवा.

चिंचोके भाजून, साल काढून, दळून आणा. ५० ग्रॅम पिठाला पाऊण लिटर पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात घातलंत तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. मंद आचेवर १५-२० मिनिटं सतत ढवळा. पांढरटपणा जाऊन खळ तुकतुकीत दिसली की उतरा, फडक्यातून गाळा. पेजेहून दाट, बोटावरून ओघळेल पण टपकणार नाही अशी हवी. ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, लागेल तेवढीच करा. टिकण्यासाठी पूर्वीपासून मोरचूद घालतात, पण तो विषारी आहे, मुलांच्या हाताशी येणाऱ्या खळीत नको.

जुन्या धुतलेल्या धोतराचे दोन थर आणि दोन्ही बाजूंना कागद, मध्ये प्रत्येक वेळी खळ. तळव्याने मधून कडेकडे दाबत हवा काढा. राहिलेला बुडबुडा पुढे फोडासारखा उठतो. सावलीत, दोन फळ्यांमध्ये वजनाखाली वाळवा. उन्हात ठेवलंत तर वरची बाजू आधी आकसते आणि पान पापडासारखं वळतं. वाळल्यावर गोल कापा, खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर पान जरा वाकताच भेगा पडतात. शेवटी गुळगुळीत गोट्याने किंवा मोठ्या कवडीने घोटा. घोटलं नाही तर रंग फुटतो आणि रेघ दाढीसारखी पसरते. रेघेला एक नंबरचा ब्रश, रंग पोस्टर कलर चालतात. वरून लाखेचा हात मात्र मुलांसमोर देऊ नका, वास डोक्यात जातो.

एका फळीवर हे टप्पे ओळीने लावा : कापड, चिकटवलेलं, कापलेला गोल, खडू दिलेला, घोटलेला, रंगवलेला, लाखेचा. सात तुकडे. मुलांना डोळे मिटून बोट फिरवू द्या. खडू दिलेला आणि घोटलेला यांतला फरक डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. कपाटातल्या मूळ पानांना मात्र कुणीही हात लावायचा नाही, शिक्षकांनीही.

फळा_खडू

सात माशांचं कोडं एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेतल्या संकल्पचित्रालाही उपयोगी. शाळांना कळवताना हे जरूर लिहा, मुख्याध्यापक परवानगी लवकर देतात.

कोकमसार

इथे मात्र कळकळीने विरोध. परीक्षेचं नाव काढलं की चित्रकलेचे शिक्षक मुलांना दालनात संकल्पचित्राचा सराव करायला बसवतात, पट्टी-कंपास निघतो आणि भिंतीकडे कुणी बघत नाही. वर्षभर वर्गात सराव होतोच. दालनात आलेला दीड तास परीक्षेपासून मोकळा राहू द्या.

फळा_खडू

मान्य. पत्रात एक ओळ ठीक, कार्यक्रमात नको.

मांडवा_जेटी

थोडं विषयांतर. अलिबाग-रेवदंड्याकडच्या शाळांसाठी : मांडव्याहून बोटीने मुंबईचं गेटवे तासाभरात. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन ही तिन्ही चालत जाण्याजोगी. पण तिन्ही एका दिवसात करू नका, एक मोठं आणि जहांगीर अर्धा तास, बस्स. सोमवारी आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२ पासूनचं) बुधवारी बंद. तिथली मातीची छोटी माणसं, वेगवेगळ्या व्यवसायांची, पाचवी-सहावीला फार भावतात. पावसाळ्यात बोटी बंद, हे धरूनच तारीख ठरवा.

कोकमसार

कुडाळ-वेंगुर्ल्याच्या मुलांना मुंबई म्हणजे जाऊन-येऊन दोन रात्री गाडीत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या संग्रहालयाची बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांत जाते, त्यांना पत्र लिहून ठेवायला हरकत नाही. पत्रात रस्त्याची रुंदी आणि बस वळवायला मैदान आहे का ते लिहा. आपल्याकडच्या पाणंदीत मोठी बस शिरत नाही.

सड्यावरून

रत्नागिरी-राजापूरच्या शाळांना छत नसलेलं कलादालन दाराशी आहे : सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर खोदलेली, कातळशिल्पं. कोकणातली काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या आत कितीतरी प्राणी. जमिनीवर उभं राहून अख्खा दिसत नाही, मुलांसाठी तोच खरा धडा.

सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारा, चौकटी पाडा, प्रत्येक जोडीला दोन-तीन चौकटी द्या, १ मीटरला ५ सेंटिमीटर या मापाने कागदावर उतरवायला सांगा. सगळे कागद जोडले की ९० सेंटिमीटरचा हत्ती तयार. सुतळी दगडांनी दाबायची, खुंटी ठोकायची नाही. रेघा ठळक दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रंग काहीही भरायचं नाही, खोदलेल्या भागावर पाय नाही.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ किंवा दुपारी चारनंतर. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या कडेची सावली पडते आणि रेघ उठून दिसते. बारा वाजता तीच रेघ गायब. सड्यावर सावली नसते, मुलामागे लिटरभर पाणी आणि टोपी. पावसानंतरचं गवत वाळेपर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या आसपासपर्यंत, बरंच झाकलेलं असतं.

चितारआळी

माहिती अप्रतिम, पण याचा वेगळा धागा काढा ना. इथे हरवून जाईल.

सड्यावरून

काढतो. समुद्रफूल यांच्यासाठी यातलं एवढंच : चौकटी पाडून उतरवायची युक्ती मोठ्या निसर्गचित्रालाही चालते.

पांगारा

कलावंतांना बोलवणार असाल तर. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या हे तिन्ही एकाच सकाळी मागू नका. एक प्रकार, अर्धा तास, पूर्ण आख्यान नाही तर त्यातला एक प्रसंग. मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवून त्याच दिवशी द्या. "मुलांचा कार्यक्रम आहे" म्हणून कमी देणं अजिबात योग्य नाही, गळा आणि हात तेवढेच लागतात. ध्वनिक्षेपक नको. चाळीस मुलं अर्धवर्तुळात बसली तर आवाज पोचतो, आणि वाद्याचा बारीक नाद ध्वनिक्षेपकात मरतो. चामड्याच्या बाहुल्यांना पूर्ण अंधार लागतो, तुमच्या खिडक्यांवर काळा कागद लावायची तयारी असेल तरच.

समुद्रफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा आराखडा टाकतेय, कृपया फाडून काढा.

बाहेर व्हरांड्यात ८ मिनिटं : दप्तरं, चपला ठेवणे, पाणी, नियम तीनच (हात मागे, पळायचं नाही, पेन नाही). १३-१४ मुलांचे तीन गट, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस. तीन जागा, प्रत्येकी २२ मिनिटं : चित्रकथीसमोर चटई, लहान खोलीत सात माशांचं कोडं आणि मग कपाट, तिसरीकडे टप्प्यांची फळी, उलटणारं पान आणि घोटण्याचं काम. दोनदा जागा बदलायला चार-चार मिनिटं. शेवटी ८ मिनिटं मोकळं फिरणं. एकूण ९०. स्वागताचं भाषण आणि प्रश्नमंजूषा काढून टाकली. खाऊ नंतर, बाहेर.

फळा_खडू

बरोबर बसलंय. घंटी ठेवा, आवाज देऊन गट बदलायला गेलात तर चाराची सात मिनिटं होतात. प्रत्येक बदलाला मुलं मोजा. आणि फोटो पहिल्या दोन मिनिटांत काढून घ्या. नाहीतर शिक्षक पूर्ण वेळ मोबाइल धरून मुलांना "इकडे बघा" म्हणत राहतात आणि मुलं चित्राकडे पाठ करून उभी.

कोकमसार

पाचवीची आणि आठवीची मुलं एका गटात घालू नका, मोठी बोलतात आणि लहान गप्प बसतात. लहान शाळेची मिळून पंचवीसच मुलं असतील तर दोनच गट करा, एक जागा कमी करा, पण वयं वेगळी ठेवा. बाकी आराखडा बेस. तीन चित्रांबद्दलचा माझा आक्षेप मागे.

कसरबंदी

पेन्सिली २बी, आधीच टोक केलेल्या, ५० तरी ठेवा. शार्पनर व्हरांड्यात. शिसाचा डाग काढता येतो, पेनची शाई कागदात उतरली की कायमची. लिहायला पुठ्ठ्याचे पॅड द्या, नाहीतर मुलं कागद भिंतीवर किंवा कपाटाच्या काचेवर टेकवून लिहितात.

चितारआळी

मासे कापून ठेवताना प्रत्येक लिफाफ्यात सातच्या ऐवजी आठ घाला. एक हमखास चटईखाली जातो.